पुनर्लेखन आणि पुनःस्थापन : सातबाऱ्याच्या संदर्भात संगणकीय उन्नयनाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाची परिचालन प्रणाली बदलणे आणि त्याच वेळी हार्ड डिस्क ‘फॉरमॅट’ करणे ही क्रिया आज सर्वसामान्य झाली आहे. संगणक मंद चालू लागला, विषाणूचा प्रादुर्भाव झाला किंवा विंडोजची नवी आवृत्ती आली की तंत्रज्ञ ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा सल्ला देतो आणि तास-दोन तासांत यंत्र नव्यासारखे होते. या क्रियेकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दस्तऐवजांच्या इतिहासाच्या दृष्टीने ती एक महत्त्वाची घटना असते. जुन्या व्यवस्थेतील कोणती नोंद नव्या व्यवस्थेत न्यायची, कोणती मागे ठेवायची आणि नेलेली नोंद नव्या व्यवस्थेला वाचता येईल की नाही, हे तीन प्रश्न त्या क्षणी निकाली निघतात.

हे प्रश्न महाराष्ट्राला नवे नाहीत. येथील महसुली दप्तराने संगणकापूर्वीही अशी स्थित्यंतरे अनुभवली आहेत. प्रस्तुत लेखात सातबारा उताऱ्याच्या संदर्भात या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला असून, रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडब व त्याच्या परिसराचा विचार उदाहरणादाखल केला आहे. गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरील, डोलवीच्या पोलाद कारखान्यालगतच्या पट्ट्यातील गाव होय. ज्या भागात जमिनीला सतत मागणी असते, त्या भागात जमिनीच्या नोंदीतील एका अक्षराच्या फरकालाही मोल असते. म्हणूनच हा परिसर या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त ठरतो.

१. पुनर्लेखनाची जुनी परंपरा

मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची पद्धती १८३५ मध्ये इंदापूर येथून सुरू झाली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित स्वरूप मिळाले. या पद्धतीत क्षेत्र, आकार आणि सारा देणारा खातेदार यांची नोंद होत असे; परंतु जमिनीवरील सर्व प्रकारच्या हक्कांची नोंद ठेवण्याची व्यवस्था तिच्यात नव्हती. ही उणीव १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने आणि त्यानंतर १९१३ मध्ये जमीन महसूल संहितेत झालेल्या दुरुस्तीने भरून काढली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने या व्यवस्थेला आजचे रूप दिले. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. हक्कातील प्रत्येक बदल प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो आणि तो प्रमाणित झाल्यावर त्याचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो.

हस्तलिखित सातबाऱ्याचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन करण्याची पद्धत होती. पीकपाहणीचे रकाने भरत आले की तलाठी नवे पुस्तक उघडत असे. जुन्या पुस्तकात ज्या नावांना कंस झालेला असे, ती नावे नव्या पुस्तकात येत नसत. चालू असलेली नावे, क्षेत्र, इतर हक्कांतील बोजे आणि कुळांच्या नोंदी तेवढ्या उतरवून घेतल्या जात. जुने पुस्तक अभिलेख कक्षात जाई. नव्या पानावर प्रत्येक नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असे. त्या क्रमांकाच्या आधारे कोणालाही मागे जाऊन मूळ व्यवहार शोधता येत असे.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर ही ‘कोरी स्थापना’च होती. जुना संचय बाजूला ठेवून नव्या जागी केवळ चालू नोंदी आणल्या जात. तथापि तिच्यात दोन संरक्षक तरतुदी होत्या. जुने पुस्तक नष्ट केले जात नसे, आणि नव्या पुस्तकातील प्रत्येक नोंद जुन्या नोंदीकडे बोट दाखवीत असे. पुनर्लेखनात चुका होत नसत असे नाही. एखादे वारसाचे नाव राहून जाई, आण्यांत लिहिलेला हिस्सा चुके, इतर हक्कांतील विहिरीच्या पाण्याचा हक्क नव्या पानावर येत नसे. परंतु चूक शोधण्याचा मार्ग शिल्लक असे. संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे, ती याच अनुभवाची साक्ष देते.

लिपीचे स्थित्यंतरही याच काळातले. जुने महसुली दप्तर मोडीत लिहिले जाई. विसाव्या शतकात मोडी मागे पडून देवनागरी रूढ झाली. मोडी दप्तर अभिलेख कक्षात सुरक्षित राहिले. पण ते वाचणारे कमी होत गेले. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि तरीही नोंद सर्वसामान्य खातेदाराला अगम्य, अशी ही स्थिती होती. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा संगणकाच्या आगमनापूर्वीच मिळालेला होता.

२. ‘फॉरमॅट’ या क्रियेचे स्वरूप

हार्ड डिस्कवर माहिती साठवण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागाची विभागणी करावी लागते आणि कोणती फाइल कोणत्या भागात आहे याची सूची ठेवावी लागते. डॉस आणि विंडोज ९५, ९८ या प्रणालींमध्ये ही सूची ‘फॅट’ या तक्त्याच्या रूपात असे. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांनी ‘एनटीएफएस’ ही अधिक भक्कम व्यवस्था वापरली. महसुली उपमा द्यायची तर डिस्क म्हणजे शिवार आणि फाइलींची सूची म्हणजे गावचे दप्तर. शिवारात पीक उभे असले तरी दप्तर फाडले गेले तर कोणते शेत कोणाचे हे सांगता येत नाही.

जलद पद्धतीने केलेले फॉरमॅट हे असे दप्तर फाडण्यासारखेच असते. सूची नव्याने कोरी केली जाते. मूळ माहिती मात्र तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर पडून राहते. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून काही वेळा माहिती परत मिळवता येते. परंतु फॉरमॅटनंतर लगेच नवी परिचालन प्रणाली स्थापन केली, तर तिच्या हजारो फाइली त्याच जागेवर लिहिल्या जातात आणि जुनी माहिती कायमची जाते. पूर्ण फॉरमॅटचा अर्थही काळानुसार बदलला. विंडोज एक्सपीपर्यंत त्यात प्रामुख्याने डिस्कवरील सदोष भागांची तपासणी होत असे. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कवर शून्ये लिहिली जाऊ लागली. एकच शब्द, पण परिणाम वेगळा.

प्रत्येक उन्नयनासाठी फॉरमॅट अपरिहार्य नव्हते. विंडोज ९८ वरून एक्सपीवर जागच्या जागी जाता येत होते आणि फॅट३२ चे रूपांतर माहिती न पुसता एनटीएफएसमध्ये करता येत होते. तरीही व्यवहारात तंत्रज्ञांचा कल कोऱ्या स्थापनेकडे राहिला, कारण जागच्या जागी केलेल्या उन्नयनात जुने दोषही नव्या प्रणालीत येत. एक्सपीवरून २००९ च्या विंडोज ७ वर जाताना तर थेट उन्नयनाची सोयच नव्हती; नवी स्थापनाच करावी लागे. यावर भारतातील संगणकदुरुस्तीच्या व्यवसायाने एक साधा उपाय रूढ केला. डिस्कचे दोन-तीन भाग पाडायचे, परिचालन प्रणाली ‘सी’ भागात ठेवायची आणि कामाच्या फाइली ‘डी’ भागात. ‘सी’ फॉरमॅट झाला तरी ‘डी’ सुरक्षित राहतो. मात्र विंडोज वापरकर्त्याच्या फाइली मुळात ‘सी’ भागातच ठेवत असल्याने, ज्याला हा भेद कोणी समजावून सांगितला नाही त्याचे नुकसान होत राहिले.

३. अक्षरांचा प्रश्न

मराठीत काम करणाऱ्यांपुढे याहून कठीण अडचण होती. ‘डी’ भागात सुरक्षित राहिलेली फाइल उन्नयनानंतर उघडली, तर तिच्यात मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसत असे. याचे कारण समजण्यासाठी मराठी संगणनाचा इतिहास पाहावा लागतो.

आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांविषयीचे तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, ‘जिस्ट’ या नावाने विकसित केले. डॉसच्या काळात संगणकात जिस्ट कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली व इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला. विंडोजचे युग आल्यावर कार्डाची जागा फॉण्टने घेतली. सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि इतर प्रणाली लोकप्रिय झाल्या. यांतील बहुतेक फॉण्टांमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, अर्धा म, वेलांटी, रफार इत्यादी, रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे. मराठी दिसे ते केवळ विशिष्ट फॉण्टमुळे.

परिणामी नोंदीचा अर्थ नोंदीत राहिला नाही, तो फॉण्टमध्ये गेला. आणि फॉण्ट, कळफलकाची प्रणाली व तिचा परवाना हे सारे नेमके ‘सी’ भागात असे. फॉरमॅटनंतर मूळ सीडी सापडली नाही, किंवा संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूप नव्या यंत्राच्या जोडणीत बसले नाही, की सुरक्षित फाइलही मुकी होत असे. मोडी दप्तराची जी गत पन्नास वर्षांत झाली, ती येथे एका दुपारी होत असे.

युनिकोडने हे चित्र बदलले. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींपैकी विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथम आधार मिळाला आणि ‘मंगल’ हा फॉण्ट आला. तरीही २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ही सोय आपोआप चालू होत नसे. मूळ सीडी घालून ती स्वतंत्रपणे स्थापन करावी लागे. ज्या तंत्रज्ञाला हे ठाऊक नव्हते, त्याने स्थापन केलेल्या यंत्रावर युनिकोड मराठी मोडकी दिसे आणि युनिकोड निरुपयोगी आहे असा समज पसरत असे. व्हिस्टापासून ही अडचण दूर झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारले.

तथापि जुन्या मजकुराचे रूपांतर ही सरळ प्रक्रिया नव्हती. तुकड्यांच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. ‘म्हात्रे’ हे पेण-अलिबाग पट्ट्यातील परिचित आडनाव अनेक तुकड्यांचे बनते. रूपांतर करणाऱ्या तक्त्यात एक तुकडा चुकला तर नाव बदलते. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न समजतो आणि एकाचा शोध घेतल्यास दुसरा सापडत नाही. कागदावर तलाठ्याची नजर जो फरक सहज ओलांडत असे, तो यंत्राला ओलांडता येत नाही.

४. तालुक्याच्या संगणकाकडून राज्याच्या केंद्राकडे

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढील काळात योजनेचा विस्तार होऊन तालुका स्तरावर संगणक बसवण्यात आले आणि हस्तलिखित सातबारा संगणकात भरण्याचे प्रचंड काम हाती घेण्यात आले. हे काम म्हणजे राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे पुनर्लेखन होय. जुन्या पुनर्लेखनात गावचा तलाठी स्वतः लिहीत असे आणि तो गावातील माणसे ओळखत असे. या पुनर्लेखनात टंकलेखन करणाऱ्यास गाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

२००८ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. २०१६ पासून तो डिजिटल इंडिया या नावाखाली पुढे चालू राहिला. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रकल्पाद्वारे तालुक्यातालुक्यांतील माहिती एकत्रित व्यवस्थेत आणण्यात आली. या टप्प्यावर एक महत्त्वाची गोष्ट घडली. संगणकीकृत सातबारा आणि हस्तलिखित सातबारा यांत क्षेत्र, नावे, फेरफार क्रमांक व खाते उतारा यांबाबत तफावती आढळल्या. त्या दूर करण्यासाठी प्रथम ‘एडिट’ आणि नंतर ‘री-एडिट’ हे दुरुस्तीचे टप्पे राबवावे लागले. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारे ग्रामस्थांपुढे वाचून दाखवण्यात आले आणि हरकती नोंदवून घेण्यात आल्या. त्यानंतर २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेले सातबारे ऑनलाइन मिळू लागले.

चावडी वाचन ही या साऱ्या इतिहासातील अर्थपूर्ण घटना मानावी लागते. अत्याधुनिक माहितीसंचाची पडताळणी अखेर गावाच्या स्मरणाने आणि जुन्या हस्तलिखित पुस्तकाने केली. ही पुस्तके संगणकीकरणानंतर निरुपयोगी समजून नष्ट केली असती, तर तुलनेसाठी आधारच उरला नसता.

याचा अर्थ कागद निर्दोष होता असा नव्हे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फाइली जळाल्या. कोकणातील दमट हवा, वाळवी आणि पूर यांनी दप्तरांची हानी वर्षानुवर्षे केली आहे. कागदाची प्रत एकच असते, तर संगणकीय नोंदीच्या अनेक प्रती भिन्न ठिकाणी ठेवता येतात, हा नव्या व्यवस्थेचा निर्विवाद लाभ होय. प्रश्न कागद की संगणक हा नसून, एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना पडताळणीचा मार्ग शिल्लक ठेवला जातो की नाही हा आहे.

५. गडब परिसराचा संदर्भ

गडबच्या परिसरात नोंदीचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले आहे. हा भाग १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि येथे खोती पद्धत होती. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप केला, त्यामागे जमीन कसणाऱ्याला कागदोपत्री स्थान नसण्याचे दुःख होते. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या वेळी ज्याचे नाव कूळ म्हणून पत्रकी होते त्याचा मार्ग सुकर झाला. ज्याचे नव्हते त्याला वहिवाट सिद्ध करावी लागली.

त्यानंतर या पट्ट्यात पनवेल-रोहे लोहमार्ग आला, डोलवी येथे इस्पात इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला आणि २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासंदर्भात २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. पनवेल ते इंदापूर या टप्प्यातील महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. अशा प्रत्येक प्रसंगी नोटीस कोणाला निघणार, मोबदला कोणाला मिळणार आणि मत देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रथम सातबाऱ्यावरून ठरते. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंदीतून वगळल्या गेलेल्या व्यक्तीवर ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार पडतो.

या परिसरात एकाच आडनावाची अनेक कुटुंबे एका गावात असतात आणि वडिलांच्या नावानेच दोन खातेदार वेगळे ओळखले जातात. वडिलांच्या नावातील एक अक्षर टंकलेखनात अथवा रूपांतरात बदलले, तर बहिणीचा किंवा चुलतभावाचा हिस्सा दुसऱ्याच्या खात्यात दिसू शकतो. एकत्र कुटुंबातील हिश्शांची आणेवारी, भावांबरोबर लागलेली बहिणींची नावे, खाडीकाठच्या खारजमिनीवरील इतर हक्क या नोंदी तपशिलाने गुंतागुंतीच्या असतात आणि म्हणूनच पुनर्लेखनात त्याच प्रथम गळण्याचा संभव असतो. तांत्रिक उन्नयनाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची नोंद साधी त्याला तो जाणवत नाही. ज्याचा हक्क ‘इतर हक्कां’च्या रकान्यात एका ओळीवर उभा आहे, त्याला तो सोसावा लागतो.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, परिचालन प्रणालीचे उन्नयन आणि डिस्कचे फॉरमॅट या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत नोंद वाचणारा बदलतो, दुसरीत नोंदीची जागा नव्याने आखली जाते. दोन्ही एकाच वेळी केल्या तर चूक कोठे झाली हे ओळखणे दुरापास्त होते.

दुसरा असा की, नोंदीची प्रत घेणे पुरेसे नाही. ती नव्या व्यवस्थेत वाचून पाहणे आवश्यक आहे. मराठी संगणनाच्या पहिल्या दोन दशकांत जे नुकसान झाले त्यातील मोठा भाग पुसले गेल्यामुळे नव्हे, तर वाचता न आल्यामुळे झाला.

तिसरा असा की, दहा वर्षांच्या पुनर्लेखनातील दोन जुन्या संरक्षक तरतुदी, म्हणजे जुने पुस्तक जपणे आणि नव्या नोंदीत जुन्या फेरफाराचा क्रमांक ठेवणे, या संगणकीय युगातही तितक्याच आवश्यक आहेत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारणपणे दर पाच-सात वर्षांनी अशी वेळ येतच राहणार. हस्तलिखित सातबाऱ्याचे पुनर्लेखन दहा वर्षांनी होत असे. आजचे पुनर्लेखन त्याहून लवकर होते आणि ते खातेदाराच्या नकळत होते.

चावडीवर सातबारा मोठ्याने वाचला जातो तेव्हा परिचालन प्रणाली कोणती, फॉण्ट कोणता, हे प्रश्न गौण ठरतात. समोर बसलेली व्यक्ती आपले आणि आपल्या वडिलांचे नाव बरोबर आहे की नाही एवढेच ऐकते. प्रत्येक मोठ्या तांत्रिक बदलानंतर असे वाचन करण्याचा प्रघात पडला, तर गडबसारख्या गावांतील लहान खातेदाराचा हक्क यंत्राच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नव्याने सिद्ध करण्याची वेळ येणार नाही.